औषधांचा विचार आधी व्हावा
‘कोविड संपला, आता निर्धास्त फिरा’ हे परदेश प्रवासावरील आपल्या लेखातील विधान निरोगी माणसापुरते ठीक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, विषाणू संपल्याचे नव्हे. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो. माझे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले असून, मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे जर्मनीला जाऊन आलो. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारखी जी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात, तीच लशीचा परिणामही कमी करतात. पॅक्सलोविड ही कोविडवरची गोळी सोबत ठेवण्याचा लेखातील सल्ला तर आमच्यासारख्यांना महागात पडू शकतो, कारण तिच्यातील रिटोनाविर या घटकामुळे रक्तातील टॅक्रोलिमसचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये, आणि रेमडेसिविरसारखा कोविडवरील दुसऱ्या औषधाचा पर्याय तिकडे कुठे मिळेल याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. विमानातील हवा अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून फिरते, त्यामुळे तिथली धास्ती कमी होती. मला अधिक भीती वाटली ती इमिग्रेशनच्या रांगेची, आणि तिथे चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्कच कामी आला. खरी कसोटी मात्र गावातच लागली, कारण निघण्याच्या आधल्या आठवड्यात निरोप द्यायला येणाऱ्यांची रीघ होती, आणि खोकत आलेल्या व्याह्यांना मी ओसरीतच बसवले, याचा राग त्यांनी अजून सोडलेला नाही.