फ्रिजला सावली, बिबड्यांना ऊन

खान्देशात बाहेर स्वयंपाक करायला कुणाला शिकवावं लागत नाही. भरीत तर घरात होतच नाही. घरच्या गॅसवर एकेक वांगं फिरवून फिरवून भाजतात आणि त्याचं जे काही होतं त्याला पुण्या-मुंबईकडे भरीत म्हणत असतील. आम्हीही पाहुण्यांसमोर म्हणतो, पण मनातून नाही. भरीत शेतात होतं. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जाळ करायचा, त्यात हिरवीगार, पांढऱ्या छटेची भरताची वांगी टाकायची, साल करपून सुटली की सोलून लाकडी बडगीत ठेचायची. २०१६ साली जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्याकडे कुणाला आश्चर्य वाटलं नाही. उशीर कशामुळे झाला एवढंच विचारलं. पुरणाच्या मांड्यांचं खापर अंगणातल्या चुलीवर पालथं पडतं, बट्ट्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात फुगतात, लग्नातला आचारी मांडवामागे भट्टी पेटवतो. जिल्ह्यात जे जे म्हणून बोटं चाटत खाल्लं जातं, ते सगळं उघड्यावर शिजलेलं असतं आणि त्यासाठी आजवर कुणी नकाशा काढलेला नव्हता.

नकाशा काढला माझ्या मेव्हण्याने. तो पुण्याला असतो. मागच्या हिवाळ्यात भरीत पार्टीला आला, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांबरोबर भरपूर भरीत खाल्लं, आणि हात धुताना त्याला आमची कीव आली. बायका खाली बसून वांगी सोलतायत, पुरुष डोळे पुसत जाळ सारखा करतायत, प्यायच्या पाण्याचा जार चिंचेखाली तापतोय. म्हणाला, "दाजी, हे सगळं तुमच्या परसदारी होऊ शकतं. आउटडोअर किचन. ओट्यातच बार्बेक्यू, ओट्यातच फ्रिज. उभं राहून करायचं, थंड प्यायचं."

थंड प्यायचं, या शब्दांवर मी घसरलो. जळगावात राहणारा माणूस या शब्दांवर कुठेही घसरतो.

त्याने कागदावर झकास ओटा काढला. पश्चिमेच्या कंपाउंडला लागून बारा फूट. डावीकडे फ्रिज, मग बेसिन, मध्ये झाकणाचा बार्बेक्यू, उजवीकडे चिरायला जागा, खाली कपाटं, त्यातल्या एकात सिलिंडर. कोपऱ्यात त्याने एक झाड आणि हातात ग्लास घेतलेला एक माणूसही काढला होता. फार समाधानी दिसत होता तो माणूस. कागदावर ऊन नव्हतं, वारा नव्हता आणि माझी आई नव्हती.

सुरुवात फ्रिजपासून केली, कारण मला त्यातच रस होता. फ्रिजच्या पाठीवर किंवा आतल्या बाजूला एक पट्टी असते. ती कुणी वाचत नाही, मीही आयुष्यात पहिल्यांदाच वाचली. तीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. 'एन' म्हणजे भोवतालची हवा ३२ अंशांपर्यंत असेल तर हा फ्रिज नीट चालेल. 'एसटी' म्हणजे ३८. आणि 'टी', ट्रॉपिकल, सगळ्यात काटक जात, म्हणजे ४३. आमच्या घरातला 'टी' निघाला. मी अभिमानाने ते घरात सांगितलं. बायको म्हणाली, "आणि मे महिन्यात काय करायचं?"

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की पेपरात फोटो येतो, तोही रस्त्यावर ऑम्लेट करणाऱ्या कुणा हौशी माणसाचा. ४३ ला आमच्याकडे "आज जरा बरं आहे" म्हणतात. म्हणजे ज्या दिवशी थंड पाण्याची खरी गरज, नेमका त्या दिवशी हा गडी नियमावर बोट ठेवून मोकळा होणार. मेव्हणा म्हणाला, बाहेर ठेवायचे फ्रिज वेगळे असतात. अंग ३०४ नंबरच्या स्टीलचं, पाण्याचे शिंतोडे सोसणारे, गरम हवा मागे न सोडता पुढच्या जाळीतून सोडणारे. किंमत विचारल्यावर तो पुढच्या जाळीबद्दलच आणखी बोलत राहिला.

ती जाळी मात्र महत्त्वाची, हे मला पटलं. फ्रिज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेरची हवा आधीच भाजत असली की टाकायचं कुठे हा त्याच्यापुढे प्रश्न. त्यातून आपण त्याला तिन्ही बाजूंनी विटांत चिणला, तर त्याने टाकलेली गरम हवा फिरून त्याच्याच अंगावर. मग कॉम्प्रेसर थांबत नाही, बिल थांबत नाही. म्हणून विटांत मोकळी जागा सोडायची. मोकळी जागा सोडली की तिथे घूस येणार, हे मिस्तरीने लगेच सांगितलं. घुशीसाठी बारीक जाळी लावायची. बारीक जाळी लावली की मेमधल्या वावटळीची काळी माती तिच्यात गच्च बसणार, आणि फ्रिज पुन्हा चिणलेलाच.

हे मिस्तरी अमळनेरकडचे. माणूस कामाला चोख आणि बोलायला त्याहून चोख. नकाशा उलटासुलटा बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "भाऊ, फ्रिज बाहेर कसाले ठेवतस? घरमा जागा नही शे का?"

जागा होती. पण हे उत्तर देता येण्यासारखं नव्हतं.

फ्रिजला सावली हवी, एवढं सर्वानुमते ठरलं. पत्रा टाकला तर दुपारी पत्राच शेगडी होतो. स्लॅब टाकला तर खर्च ओट्याच्या वर. शेवटी रोपवाटिकेवर टाकतात ती हिरवी जाळी लावू, इथपर्यंत आम्ही आलो, आणि तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. "सावली करणार असाल तर माझ्या बिबड्या कुठे वाळतील?"

आईच्या डोक्यात हा बारा फुटी ओटा वेगळ्याच कारणाने बसला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ज्वारीच्या बिबड्या, उडदाचे पापड, कुरडया हे सगळं वाळवण दर उन्हाळ्यात गच्चीवर जातं, आणि गुडघ्यांमुळे आईला गच्ची चढवत नाही. कमरेइतक्या उंचीवर, दिवसभर ऊन खाणारा, सपाट, धुता येणारा बारा फूट दगड! तिला तो देवानेच पाठवल्यासारखा वाटला होता. म्हणूनच ती इतके दिवस गप्प होती. दगडाच्या दुकानातही ती आपणहून आली, आणि मेव्हण्याने फोनवरून सुचवलेला फिकट ग्रॅनाइट बाजूला सारून तिने काळ्याशार कडप्प्यावर पंजा ठेवला. पंजा लगेच उचलला. "हाच," म्हणाली. "यावर कुरडई एका दिवसात कडक होईल."

ज्या दगडावर कुरडई एका दिवसात कडक होते, त्याच दगडाखाली दही थंड ठेवायचं होतं.

बार्बेक्यूचा विषय आईनेच पुढे नेला. ती माळकरी. तिने खाण्यावरून कुणाला कधी अडवलं नाही. नातवाने बाहेर काय खाल्लं हे ती विचारत नाही आणि तो सांगत नाही, असं दोघांचं छान चाललं आहे. पण आता कोंबडी परसदारापर्यंत येणार होती. मेव्हण्याने तोड काढली: जाळ्या दोन, चिमटे दोन, मध्ये स्टीलची आडवी पट्टी. डावीकडे वांगी-पनीर, उजवीकडे कोंबडी. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "माझं काही नाही बाबा," ती म्हणाली. "धुराला पट्टी कुठली लावणार ते सांग."

मग धुराचा अभ्यास सुरू झाला. उन्हाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. ओटा पश्चिमेच्या भिंतीला, घर त्याच्या पूर्वेला, आणि परसदाराकडे उघडणारी पहिली खिडकी देवघराची. म्हणजे कोंबडी जाळीवर पडली की तिचा पहिला नैवेद्य पांडुरंगाला. ओटा पूर्वेच्या कंपाउंडला हलवला तर धूर शेजारच्या आबांकडे जातो. आबांना दमा आहे आणि कोर्टकचेरीची आवड आहे. शिवाय तिथे फ्रिजचं तोंड पश्चिमेला होतं आणि दुपारचं सगळं ऊन दारावर. म्हणजे धुराचं भलं करावं तर फ्रिज मरतो, फ्रिजचं करावं तर पांडुरंगाला ठसका लागतो. बरं, वारा अडवावा तर धूर तिथेच कोंडतो. मोकळा सोडावा तर बर्नर विझतो. गॅसची ज्योत आणि पऱ्हाट्यांचा जाळ यांत हाच फरक. वारा आला की जाळाला जोर चढतो आणि ज्योत पदर डोक्यावर घेऊन आत जाते.

सिलिंडरचं प्रकरण त्या मानाने लवकर उरकलं, पण सुखाने नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला भोकं खाली, तळाशी हवीत, आणि त्या कपाटात सांडपाण्याची मोरी अजिबात नको, कारण गॅस तिच्यात उतरून बसतो. हे मी मिस्तरींना समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली, भोकं ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टरबरोबर बुजवूनही टाकली. भिंतीच्या बुडाशी भोक दिसलं की मिस्तरींचा हात आपोआप चालतो. कारण विचारलं तर एकच शब्द, "साप." मी पुन्हा उघडवली. त्यांनी ती उघडली, पण 'पुढे काही झालं तर मला बोलायचं नाही' असा चेहरा करून, आणि तो चेहरा त्यांनी काम संपेपर्यंत ठेवला.

आता राहिला खुद्द बार्बेक्यू. इथे एक व्यावहारिक अडचण आहे, ती सांगूनच ठेवतो. ओट्यात बसणाऱ्या बार्बेक्यूसाठी दगड कापावा लागतो, आणि प्रत्येक मॉडेलचा काप वेगळा. म्हणजे आधी वस्तू घरात आणायची, तिचं माप घ्यायचं, मग दगडाला करवत लावायची. कापलेला दगड परत जुळत नाही. म्हणून दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर, कारण सगळ्यांचे प्रश्न होते.

मिस्तरींनी विचारलं, वांगी किती बसतील? दुकानदार म्हणाला, सर, सहा ते आठ जणांचं सहज होतं. आमच्याकडे सहा ते आठ माणसं वांगी सोलायलाच लागतात. बायकोने विचारलं, खालचा तेलाचा ट्रे कोण धुतं? तो म्हणाला, मॅडम, ट्रे काढता येतो. बायको म्हणाली, "काढता येतो ते कळलं." मुलाने झाकणावरच्या तापमापकाचं विचारलं. कॅटलॉगमधल्या चित्रात त्याचा पहिला आकडा ५० होता. मेमध्ये उन्हात उभं केल्यावर हा काटा न पेटवताच हलेल का, असं त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. दुकानदार हसला. आम्ही कुणी हसलो नाही, तेव्हा तो थांबला.

शेवटी आई फोनजवळ सरकली. "काय हो, त्यात पऱ्हाट्या घालता येतात का?"

"म्हणजे काय, आजी?"

"कपाशीच्या काड्या."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, वॉरंटी जाईल.

आई मागे सरकली. तिच्या दृष्टीने चौकशी पूर्ण झाली होती. ज्या चुलीत पऱ्हाटी घातली की कागद रद्द होतो, त्या चुलीवर भरीत कसलं व्हायचं? माझंही मत हेच आहे. पावभाजीचा तवा, मक्याची कणसं, पनीरचे तुकडे यांना गॅसचा बार्बेक्यू चांगलाच. पण वांग्याला नुसता ताप पुरत नाही, त्याला धूर लागतो, आणि तोही कपाशीचा. झाकण, तापमापक आणि स्टीलच्या कांड्या ही त्याच्यासाठी नुसती अडगळ.

तेव्हापासून परसदारी बारा फुटांचा काळा, न कापलेला ओटा उभा आहे. पश्चिमेलाच, आणि वर जाळी नाही. बेसिन बसलं, त्याला पाणी आलं. फ्रिज घरातच राहिला; स्वयंपाकघराच्या खिडकीचा गज मिस्तरींनी कापून तिथे सरकती काच बसवली, आणि बाहेर काम करणाऱ्याने काच वाजवली की आतून थंड पाण्याचा तांब्या मिळतो. ही कल्पनाही आईचीच. उन्हाळ्यात ओट्यावर बिबड्या पडल्या. बाराच्या बारा फूट भरले, एक कोपरा आबांच्या सुनेला दिला, आणि आबांशी आमचे संबंध बरेच सुधारले. सिलिंडरच्या कपाटात हल्ली पायपोसं असतात. भोकं मात्र मी बुजवू दिलेली नाहीत.

दिवाळीनंतर भरताची वांगी बाजारात आली तसा मेव्हणाही आला. ओट्याला एक चक्कर मारली, काच सरकवून बघितली, सिलिंडरच्या कपाटात डोकावला. मला वाटलं, चिडेल. पण त्याने बॅगेतून नवा कागद काढला. यावेळी ओट्याच्या टोकाला विटांचा एक घुमट होता, समोर कमानीसारखं तोंड, वर धुराडं, बाजूला तोच समाधानी माणूस. "दाजी, बार्बेक्यू विसरा. पिझ्झा ओव्हन. लाकडावरचा, वॉरंटीची भानगडच नाही. गॅस नको, वीज नको."

मी सरळ नाही म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.

आईने चष्मा लावून कागद जवळ घेतला. घुमटावरून बोट फिरवलं, कमानीपाशी थांबली, पुन्हा घुमटाकडे आली.

"यात बट्ट्या होतील का रे?" तिने त्याला विचारलं.

मेव्हण्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ मिस्तरींना फोन लावला.