आत्याने सही का केली?

मी यवतमाळ जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत, म्हणजे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली वावरात असतात त्या काळात, बी.ए.च्या शेवटच्या वर्षातली एक विद्यार्थिनी प्रकल्पाची वही घेऊन आली. विषयाच्या जागी तिने एकच ओळ लिहिली होती: 'माझ्या आत्याने हक्कसोडपत्रावर सही का केली?' हक्कसोडपत्र म्हणजे वडिलांकडच्या मालमत्तेतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद. मी दिलेल्या यादीत हा विषय नव्हता. त्या यादीत 'हुंडाप्रथा: एक सामाजिक समस्या', 'ग्रामीण स्त्रियांचे स्थान', 'शेतकऱ्यांच्या समस्या व उपाय' असे, वर्षानुवर्षे एका हातातून दुसऱ्या हातात उतरत आलेले विषय होते, आणि त्यांवरचे प्रकल्पही तसेच उतरत आले होते. तिची ओळ वाचल्यावर ती यादी मी बाजूला ठेवली. कला शाखेत आपण काय शिकवतो आणि काय शिकवायचे टाळतो, याविषयी तेव्हापासून जे मनात घोळते आहे, ते आज लिहिते आहे.

आपल्याकडे इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मराठी साहित्य हे वेगवेगळ्या तासांचे, वेगवेगळ्या गाईडांचे विषय म्हणून शिकवले जातात. वास्तविक या सर्व विषयांचे मूळ प्रश्न मोजकेच आहेत आणि ते सगळ्यांत सामाईक आहेत. कोणाच्या हाती काय आहे आणि ते त्याच्याच हाती का आहे? माणसे नियम का पाळतात? 'आपण' म्हणजे कोण आणि ते कोण ठरवते? झालेल्या गोष्टीची नोंद कोणी केली आणि कोणाची राहून गेली? हे प्रश्न जगभरच्या विद्यापीठांत विचारले जातात, तसेच ते आमच्या एसटीच्या शेवटच्या थांब्यावर उतरणाऱ्या मुलामुलींच्या घरातही आहेत. फरक एवढाच आहे की आमच्या विद्यार्थ्यांना 'टीप लिहा' आणि 'सविस्तर स्पष्ट करा' यांचा सराव आहे, स्वतःच्या घरातला प्रश्न कागदावर मांडायला मात्र त्यांना कोणी सांगितलेले नाही. हा दोष त्यांचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे पाहू. तिने पहिल्या मसुद्यात पहिल्याच वाक्यात 'पितृसत्ताक व्यवस्थेमुळे' असे लिहून प्रश्न संपवून टाकला होता. मी तिला तो शब्द शेवटच्या पानापर्यंत न वापरण्याची अट घातली, कारण नाव दिले की कळले, असा समज अभ्यासाचे सर्वांत जास्त नुकसान करतो. मग ती कागदांकडे वळली. गाव नमुना 7 मध्ये जमीन कोणाच्या नावावर, 12 मध्ये त्यात काय पेरले, 8-अ मध्ये एका खातेदाराची एकूण जमीन किती आणि 6 मध्ये, म्हणजे फेरफारात, ते नाव तिथे आले किंवा तिथून गेले कसे, हे तिला तलाठ्यांनी समजावून सांगितले. सातबारा हा शब्द ती जन्मापासून ऐकत होती, पण तो दोन वेगळ्या नमुन्यांचा जोड आहे हे तिला त्या दिवशी कळले. घरातल्या फेरफाराच्या उताऱ्यावर तीन ओळींत तिच्या आत्याचे नाव वारस म्हणून लागले होते आणि लगेच पुढच्या फेरफाराने ते कमी झाले होते. त्या उताऱ्याची छायाप्रत वहीत चिकटवून तिने दोन फेरफारांमधल्या अंतराखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती.

कायदा काय म्हणतो हे तिने त्यानंतर पाहिले. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्शात वारसा दिला, 1994 मध्ये महाराष्ट्राने तोपर्यंत अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध सहहिस्सेदार केले, 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो हक्क देशभर दिला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या हक्कासाठी 2005 साली वडील हयात असण्याची अट नाही, हे स्पष्ट केले. म्हणजे हक्क आहे, तो पक्का आहे, आणि तरीही हक्कसोडपत्रे होतच आहेत. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी खरा प्रश्न इथे सुरू होतो. आत्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती, कोणी धमकावले नव्हते. स्टीव्हन ल्यूक्स या अभ्यासकाने 1974 मध्ये असे मांडले की, भांडण जिंकणे किंवा भांडणाचा विषयच चर्चेला येऊ न देणे एवढ्यावर सत्ता संपत नाही, समोरच्याच्या मनात वेगळे मागण्याची इच्छाच निर्माण होऊ न देणे हाही तिचाच एक प्रकार आहे. हे मी पूर्वी फळ्यावर लिहून देत असे आणि मुले ते उतरवून घेत असत. त्या फेरफारासमोर बसल्यावर मात्र ते वर्गातल्या प्रत्येकाला आपोआप कळले.

तिने आत्यालाच विचारले. आत्याचे उत्तर तिने वहीत प्रमाण मराठीत लिहून आणले होते: 'शेत घेतले असते तर माहेर तुटले असते.' मी तिला विचारले, आत्या असेच बोलल्या का? ती जरा ओशाळली आणि म्हणाली, "नाही मॅडम, ती म्हणाली, 'वावर घेतलं असतं त मायेर तुटलं असतं, पोरी.'" ते वाक्य तसेच्या तसे लिहायला मी सांगितले. 'मायेर' हा तिच्या आत्याचा शब्द आहे आणि तो दुरुस्त करण्याचा अधिकार तिला नाही, मलाही नाही. भाषेच्या अभ्यासातला मोठा प्रश्न तिच्या त्या ओशाळण्यात होता: आपल्या घरातले बोलणे वहीत येताना अशुद्ध कसे होते आणि शुद्ध म्हणजे काय ते कोणी ठरवले? ज्या वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला, तेराव्या शतकात मराठी गद्याचा पाया महानुभावांनी घातला, त्याच वऱ्हाडातली मुलगी 'मले' आणि 'काहून' लिहिताना लाजते, ही गोष्ट मला फार लागते.

त्या एका वाक्याने साहित्याचा दरवाजाही उघडला. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई बसते. त्या गाण्यांत सासर, माहेर, न्यायला येणारा भाऊ हे सगळे आहे. तिने आईकडून आणि शेजारच्या आजींकडून गाणी उतरवून घेतली आणि एक बारीक गोष्ट टिपली: तिने गोळा केलेल्या गाण्यांत लेक माहेराकडून लुगडे मागते, दागिना मागते, जेवण मागते, वावर एकदाही मागत नाही. एवढ्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये असे मी तिला बजावले, पण निरीक्षण तिचे स्वतःचे होते आणि ते कोणत्याही गाईडात नव्हते.

अर्थशास्त्राचा भाग तिला सर्वांत जड गेला आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाव सातबाऱ्यावर नसेल तर पीक कर्ज मिळणे अवघड होते, आणि 2019 पासून सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेचे वर्षाचे 6000 रुपयेही जमिनीच्या नोंदीवरूनच ठरतात. पेरणी, निंदण, खुरपणी, वेचणी हे सगळे जी करते, ती कागदावर शेतकरी नसते. 'शेतकरी कोण?' हा प्रश्न ऐकायला शाळकरी वाटतो, परंतु विदर्भात या प्रश्नाच्या उत्तरावर घरे उभी राहतात आणि मोडतात. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणारी 1 लाख रुपयांची मदत 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवताना जमिनीची नोंद आणि थकीत कर्ज पाहिले जाते. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने त्याच्या गावातील अशाच एका 'अपात्र' प्रकरणावर प्रश्न मांडला होता. एमिल द्यूर्केम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1897 मध्ये आत्महत्येसारख्या अत्यंत खाजगी वाटणाऱ्या कृतीमागची सामाजिक कारणे आकडेवारीवरून शोधली, हे आम्ही दरवर्षी शिकवतो. त्या विद्यार्थ्याने विचारले की, आकडेवारीतच जो माणूस शेतकरी म्हणून मोजला गेला नाही, त्याचे कारण कोणी शोधायचे? मी त्या तासाला पुढे काहीच शिकवले नाही.

इतिहासाविषयी थोडक्यात सांगते. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि इथे रयतवारी पद्धतीने, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेऊन, खातेदारांची नोंद झाली. वर्धा नदीच्या पलीकडे, नागपूर प्रांतात, मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारला भरत असे, आणि ती स्वातंत्र्यानंतर 1950 च्या कायद्याने गेली. त्यामुळे आमच्या वर्गातल्या नदीअलीकडच्या मुलीला आणि पलीकडून आलेल्या मुलाला आजोबांचे जे कागद सापडतात, ते एकसारखे नसतात. नोंद ही आकाशातून पडत नाही, कोणीतरी कशासाठी तरी ती सुरू केलेली असते, हे त्यांना जुने दप्तर पाहूनच कळते.

आणि एक गोष्ट तर माझ्याही ध्यानात राहिली नव्हती. प्रकल्प वर्गात वाचला जात असताना कोलाम या आदिवासी जमातीच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, हा कायदा आमच्या बहिणींना लागू आहे का?" नाही. 1956 च्या कायद्याच्या कलम 2 मधील पोटकलमानुसार, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. तिथे रूढी चालते. मग रूढी म्हणजे काय, ती कोण सांगतो, पोडावरचे सगळे ती एकसारखीच सांगतात का, असे प्रश्न तो मुलगा घेऊन गेला. मानववंशशास्त्र हा विषय आमच्या महाविद्यालयात नाही, पण त्या दिवशी तो आमच्या वर्गात होता.

कोणी म्हणेल की हे सगळे भावनिक आहे, घरगुती आहे, यात शास्त्र कुठे आहे? 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला, तेव्हा ते 25 वर्षांचे होते. जात त्यांनी स्वतः सोसली होती. तरीही त्यांनी प्रश्न असा विचारला की, जातीच्या आतच लग्न करण्याचे बंधन कसे टिकवले जाते आणि त्यासाठी स्त्रियांवर कोणती बंधने घालावी लागतात. जे सोसले, त्याचा त्यांनी तपासता येईल असा प्रश्न केला. त्याच्याही आधी, 1882 मध्ये, आमच्याच वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून विचारले होते की, जे दुर्गुण स्त्रियांचे म्हणून सांगता, ते पुरुषांत नाहीत काय? त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. प्रश्न मात्र आजच्या कोणत्याही प्रबंधाला पुरून उरेल असा होता.

अशा प्रश्नांना जपावेही लागते. आत्याचे नाव प्रकल्पात कुठेही नाही, गावाचे नाव नाही, आणि आत्याला संपूर्ण मजकूर वाचून दाखवल्यानंतरच तो जमा झाला. घरातला प्रश्न विचारताना घर दुखावते, हे विद्यार्थ्याला आधी सांगायला हवे. विचारणाऱ्यालाही ते लागते. त्या विद्यार्थिनीने मला सरळ विचारले, "मॅडम, तुम्ही केली का सही?" मी केली आहे. अठरा वर्षांपूर्वी, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात, भावाने आणलेल्या पेनाने. का केली याचे उत्तर मला तिच्या आत्याइतक्या थोड्या शब्दांत देता आले नाही. पुढे तिच्या मुलाखतींच्या यादीत मी स्वतःचे नाव घालायला सांगितले.

यावर्षी मी विषयांची यादी देणे बंद केले आहे. विद्यार्थ्यांनी तीन ओळींत आपला प्रश्न लिहायचा, तो एका गावात, एका मोसमात तपासता येईल एवढा लहान करायचा, आणि मग कोणत्या विषयाच्या शिक्षकांकडे जायचे ते ठरवायचे, असे ठरले आहे. आतापर्यंत आलेल्या प्रश्नांत सरपंच बाईंच्या सहीचा शिक्का घरी कोणाजवळ असतो हा आहे, बैल विकून ट्रॅक्टर घेतलेल्या घरात पोळा कसा साजरा होतो हा आहे, आणि एका मुलाने फक्त एवढेच लिहिले आहे की, आमच्या गावची नदी कोरडी पडल्याचे सगळे सांगतात, पण कोणत्या वर्षी ते प्रत्येक जण वेगळे सांगतो.

या मुलांना जुने फेरफार वाचायला मदत हवी आहे. आमच्या भागातील निवृत्त तलाठी, मंडळ अधिकारी, ग्रामसेवक किंवा जुने दप्तर हाताळलेले कोणीही हे वाचत असतील, तर त्यांनी दिवाळीनंतरच्या शनिवारी दुपारचे दोन तास द्यावेत, ही विनंती आहे. कृपया मला मेसेंजरवर कळवा. येण्याजाण्याच्या बसचे वेळापत्रक मी पाठवीन.