पॉइंट किती केलेत?

आज डबा खाताना ऑफिसातल्या एकीनं विचारलं, "सुट्टीत कोल्हापूरला गेलेलात ना? पॉइंट किती केलेत?" म्हटलं, एकही नाही. पन्हाळा? नाही. जोतिबा? नाही. कणेरी मठ? नाही. "अय्या, मग केलंत काय?"

काय म्हणजे? बाजारात हिंडलो आणि खाल्लं!

तेव्हा हसून सोडलं, पण डोक्यातून जाईना. सुट्टीतसुद्धा हजेरी लावायची का? वर्षभर मुलांना पळवायचं आणि मे महिन्यात पहाटे उठवून गाडीत कोंबायचं. उतरा, फोटो काढा, चढा. घरी आल्यावर सगळ्यांची तोंडं सुकलेली.

आमच्या मावशीबरोबर चप्पल लाईनीत जाऊन बघा एकदा. पहिल्याच दुकानात तिनं बैठक मारली. कापशी काढा, वेणीची काढा, ही करकर वाजत नाही, हिचा अंगठा आवळतोय. मग दुकानदाराच्या सुनेचं माहेर कुठलं इथपर्यंत चौकशी. आणि उठताना म्हणते कशी, "उद्या येतो की ओ." घेतलं काहीच नाही! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तो बाबा हसतमुख. "या की वहिनी."

2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडनं मिलानच्या रॅम्पवर तसलीच चप्पल दाखवली, तेव्हा 'आपली कोल्हापुरी, आपली कोल्हापुरी' म्हणून इथेच केवढा तावातावानं लिहीत होता सगळे. त्यातल्या किती जणांनी त्या लाईनीत अर्धा तास घालवलाय? असो, चिडत नाही.

खाण्याचं सांगते. सकाळी मिसळ, तीही पावाशी नाही, ब्रेडशी. कट दोनदा मागायचा. दुसऱ्या दिवशी लोण्याचा दावणगिरी डोसा. दुपारी आंबे चोखून पंख्याखाली आडवं व्हायचं. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर. म्हैस समोर उभी, धार काढली की फेसासकट ग्लास हातात. घरी दूध बघून नाक मुरडणारी माझी लेक तिथे पांढऱ्या मिशा घेऊन "अजून एक" म्हणाली. हा कितवा पॉइंट धरायचा?

हो, पन्हाळा बघायला हवा, बाजीप्रभू आणि शिवा काशीद मुलांना कळायला हवेत, मान्य. बाजारात पैसे सुटतात, तेही मान्य. पण भर बारा वाजता सज्जाकोठीसमोर पाणी-पाणी करणाऱ्या पोराला कसला इतिहास कळतोय? थंडीत न्या की.

मावशी दुसऱ्या दिवशी खरंच गेली. परत सगळं काढायला लावलं, परत "येतो की". शेवटी घेतली ती कुठली? पहिल्या दिवशी सगळ्यात आधी काढलेली! वर पन्नास रुपये कमी करून घेतले आणि त्या आनंदात आम्हाला रंकाळ्यावर भेळ चारली, जिचे झाले दोनशे. हिशेब तिला सांगायची माझी छाती नाही.

मे अजून बाकी आहे. जाणार असाल तर मावशीची ओळख करून देते. फक्त तिला 'किती वेळ लागेल' विचारू नका, ती तिथंच बसेल.