सेन्सॉर बोर्ड, मुक्काम एडिसन

मुलांसमोर कुठला सिनेमा लावायचा हे ठरवण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. मी ते मागितलेलं नाही. एकदा "अगं, कार्टूनच तर आहे" असं म्हणून मी जे काही लावलं होतं, त्यानंतर थोरला तीन रात्री आमच्यात झोपला. तेव्हापासून नियम झाला: आधी बाबाने एकट्याने बघायचं, मग बाकीच्यांनी.

यंदा ईस्टरच्या तोंडावर थोरल्याने 'द टेन कमांडमेंट्स'चा धोशा लावला. वर्गातले सगळे म्हणे दरवर्षी बघतात. खरंही आहे ते. इथे अमेरिकेत तो ईस्टरच्या सुमारास टीव्हीवर लागतो, पण जाहिराती धरून साडेचार तास सहज खातो आणि संपेपर्यंत मध्यरात्र होते. म्हणून लायब्ररीतून डीव्हीडी आणली. सेसिल बी. डेमिलचा १९५६ सालचा सिनेमा, लांबी तीन तास चाळीस मिनिटं. श्रेणी 'जी', म्हणजे आबालवृद्धांना खुला. ही श्रेणीपद्धतच १९६८ साली सुरू झाली, त्यामुळे शिक्का मागाहून मारलेला. मारणाऱ्याचा मध्यंतरापर्यंत डोळा लागला असावा, असं माझं स्वतंत्र मत आहे.

गुरुवारी रात्री सामसूम झाल्यावर वही घेऊन बसलो. सुरुवातीलाच इजिप्तच्या राजाचा, म्हणजे फेरोचा, हुकूम सुटतो, हिब्रूंची, म्हणजे गुलाम ज्यूंची, नवजात मुलं मारा. वहीत लिहिलं, 'बालहत्या'. मग नदीतून टोपली आली. त्यात तान्हा मोझेस, सिनेमाचा नायक. हे बाळ म्हणजे मोठा मोझेस झालेल्या चार्ल्टन हेस्टनचा खराखुरा मुलगा, जेमतेम तीन महिन्यांचा. हे कुठेतरी वाचलेलं असल्यामुळे मी कथानक सोडून टोपली गळतेय का तेच बघत राहिलो. पुढे चाबूक. पुन्हा चाबूक. मग राजकन्या नेफ्रेतिरी एका म्हाताऱ्या दासीला सज्जावरून खाली ढकलते आणि थोड्याच वेळात मोझेसशी लाडीगोडी लावायला मोकळी. खुनाचं मी निभावून नेलं असतं. धास्ती लाडीगोडीची होती, कारण आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलीय. ही बाई 'मोझेस, मोझेस' असं ज्या सुरात म्हणते, तो सूर आईच्या शेजारी बसून ऐकणं माझ्या पिढीला जमायचं नाही. अशा प्रसंगी पाणी प्यायला उठून उठून आम्ही मूत्रपिंडं लख्ख धुऊन ठेवलीत.

शेवटाकडे सोन्याच्या वासराभोवतीचा धिंगाणा. पडद्यावर माणसं एकमेकांवर कोसळतायत आणि मागे खुद्द डेमिल धीरगंभीर आवाजात त्यांच्या पापांची यादी वाचतोय. धिंगाणाही त्याचाच, निषेधही त्याचाच. हे असं दोन्ही हातांनी वाढणं मला तरी जमलं नसतं. वहीत लिहिलं, 'इथे जेवायला हाक मारणे'. रात्री अडीचला एकूण सतरा आक्षेप झाले. पण पळून निघालेल्या हिब्रूंना वाट द्यायला समुद्र दुभंगतो ते दृश्य मी मुद्दाम सोडलं. टाक्यांमध्ये पाणी ओतून, ते चित्रण उलटं फिरवून समुद्र फाडला आणि त्या करामतींसाठी ऑस्कर मिळवलं. म्हटलं, हे सगळ्यांसोबत पहिल्यांदा बघू.

शनिवारी दुपारी बैठक बसली. आईसाठी मी कंसाची उपमा तयार ठेवली होती.

"आई, हा फेरो म्हणजे बघ, आपला कंस…"

"कंस कशाला? फेरोच तो. आणि टोपलीतला मोशे."

आई अलिबागची. इस्रायल आळीतली बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, मुलगी तिची वर्गमैत्रीण. त्यांच्या दाराच्या चौकटीवर ठोकलेली डबी, येता-जाता तिला बोट लावून ते ओठांना टेकवणं, सणाला बिनआंबवलेली भाकरी, सगळं तिला पाठ. वर मोशेचं आख्यान तिने चक्क मराठी कीर्तनात ऐकलेलं, पेटी-झांजांसकट. माझ्या सतरा आक्षेपांपैकी एकावरही तिने हूं की चूं केलं नाही. सज्जाच्या वेळी फक्त म्हणाली, "कठडा बुटका आहे." नेफ्रेतिरीच्या वेळी मी पाण्याला उठलो तर म्हणाली, "मलाही आण." तिची खरी हरकत एकच. राजपुत्र झालेल्या युल ब्रिनरची वेणी. "शेंडी मागे असते. ही कानावर काय आलीय?"

फेरो हिब्रूंना सोडत नाही म्हणून देव इजिप्तवर एकेक अरिष्ट धाडतो. अडचण दहाव्या अरिष्टाला आली. आकाशातून हिरवट धूर खाली उतरतो, गल्लीबोळांतून सरपटतो आणि घराघरांतली थोरली मुलं मरतात. वहीत याची नोंद होती, 'धूर, थोडा भीतिदायक'. आपल्या घरात थोरलं कोण आहे, हा विचार सेन्सॉरला शिवला नव्हता.

"बाबा, मी फर्स्टबॉर्न ना?"

"अरे, ते इजिप्तमध्ये…"

"तू पण?"

"मी नाही, मी नाही!" धाकटी सोफ्यावर उड्या मारायला लागली.

आई काही न बोलता उठली. मला वाटलं, आता तिला पाणी हवंय. ती परत आली तेव्हा मूठ मिटलेली होती. आधी थोरल्यावरून, मग बेचाळीस वर्षांच्या माझ्यावरून मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळल्या. "इडापिडा टळो" म्हणत पुन्हा आत. इथे ना चूल ना निखारा, विजेची शेगडी आहे. तिने सगळं तापल्या तव्यावर टाकलं. तडतड ऐकू आली आणि लगोलग छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला.

अख्खं घर खोकत होतं. पडद्यावर हिरवा धूर, घरात करडा. खिडक्या उघडल्या आणि स्टुलावर चढून दोन्ही हात वर करून मी टॉवेलने अलार्मला वारा घालत राहिलो. तो गप्प झाला की पुन्हा सुरू. इमारतीचा अलार्म वाजला तर अग्निशमनवाल्यांना मी कुठलं अरिष्ट सांगणार होतो?

"एवढा ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच," बायको डोळे पुसत म्हणाली.

"होती," आई म्हणाली. "तुमच्या इथल्या मिरच्यांनाच कळत नाही."

तेवढ्यात बाहेरून मुलांचा एकच गलका आला. "बाबा, आला! समुद्र आला!" मी उतरायला पाय खाली टाकला आणि अलार्म परत सुरू झाला. धापा टाकत बाहेर आलो तोवर फेरोचे रथ बुडाले होते आणि धाकटी बिस्किटं मागत होती.

"थांब, मी रिवाइंड करतो," थोरला म्हणाला. रिमोटवर बटण दाबून धरलं तसे रथ मागे मागे पळाले, आणि थोड्या वेळाने पाण्याच्या दोन प्रचंड भिंती धबाधबा कोसळून मिटल्या. खांद्यावर ओला टॉवेल टाकून मी समुद्र पाहिला, डेमिलने चित्रित केला होता अगदी तसा.