‘एकच प्लॅन घ्या, सगळी ॲप्स त्यातच टाका’ : हा सल्ला कुठे फसतो

ग्रुपवर पुन्हा फिरत असलेला सल्ला असा: “ॲझ्युअरमध्ये पैसे ॲप सर्व्हिस प्लॅनचे लागतात, ॲपचे नाही. म्हणून एकच प्लॅन घ्या आणि सगळी ॲप्स त्यातच टाका. सीपीयू वीस टक्क्यांवर दिसतोय ना? मग जागा आहे. कमी पडलं तर स्केल आउट करा.”

ॲझ्युअर म्हणजे मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा. तिथे आपली वेब ॲप्स ज्या भाड्याच्या मशीनवर चालतात ते पॅकेज म्हणजे ॲप सर्व्हिस प्लॅन, आणि स्केल आउट म्हणजे त्यात तशीच आणखी मशीन जोडणं. सल्ल्याचं पहिलं वाक्य बरोबर आहे, निदान बेसिक आणि त्यावरच्या टियरना (किमतीच्या पायऱ्यांना). गडबड ‘म्हणून’पासून सुरू होते.

‘पुढचं ॲप फुकट.’ बिलात फुकट, मशीनवर नाही. प्लॅन म्हणजे शेवटी ठरावीक व्हर्च्युअल मशीन. एस१ (स्टँडर्ड टियरमधली सर्वांत लहान साइझ) घेतलंत तर १ कोअर आणि १.७५ जीबी मेमरी, आणि त्यातलीही काही प्लॅटफॉर्मच्याच कामाला जाते. समजा एखादं साधं डॉटनेट ॲप नुसतं चालू राहायला १५० एमबी धरून बसतं. आठ ॲप्सची झाली १.२ जीबी, आणि अजून एकाही माणसाने लॉगिन केलेलं नाही. मायक्रोसॉफ्टची स्वतःची शिफारस एस१ला साधारण ८ ॲप्स, एस२ला १६, एस३ला ३२ अशी आहे. हा काही कायदा नव्हे. तीन जड ॲप्सनीही एस१ भरून जातं. उलट ‘ऑलवेज ऑन’ (ॲप सतत मेमरीत ठेवणारी सेटिंग) बंद ठेवलेली, क्वचित उघडली जाणारी ॲप्स वीस मिनिटं शांतता मिळाली की मेमरीतून उतरतात. तशी जास्त बसतात.

मोजताना स्लॉटही (त्याच ॲपच्या, चाचणीसाठी वगैरे वेगळ्या चालणाऱ्या प्रती) धरायचे असतात, हे बहुतेकांच्या गावीच नसतं. आमच्या एका क्लायंटच्या प्लॅनवर ‘फक्त सहा ॲप्स’ होती. प्रत्येकाला एक स्टेजिंग स्लॉट, म्हणजे बारा. शिवाय दोन वेबजॉब, म्हणजे ॲपसोबत मागे चालणारी कामं. दुपारी कोणीतरी स्टेजिंगवर डिप्लॉय करायचं आणि प्रॉडक्शनचं पेज फिरत बसायचं. दोन दिवस आम्ही डेटाबेसला शिव्या घातल्या.

‘सीपीयू वीस टक्के, म्हणजे जागा आहे.’ आमचाही सीपीयू अठराच होता. मेमरी होती ९२ टक्के. शिवाय प्लॅनचा आलेख सगळ्या इन्स्टन्सची, म्हणजे प्लॅनमधल्या मशीनची, सरासरी दाखवतो. एक ९० वर धापा टाकतोय, दुसरा १० वर निवांत, तर तुम्हाला दिसणार ५०. आलेख इन्स्टन्सप्रमाणे वेगळा करून बघा.

‘कमी पडलं तर स्केल आउट.’ सल्ल्यातली सर्वांत महागडी चूक हीच. इन्स्टन्स एकाचे दोन केलेत म्हणून बारातली सहा इकडे, सहा तिकडे अशी वाटणी होत नाही. बाराच्या बारा दोन्हीकडे चालतात. रिक्वेस्ट विभागल्या जातात, पण ॲप्सनी नुसतं उभं राहायला घेतलेली मेमरी दोन्ही मशीनवर तेवढीच भरलेली. बिल मात्र दुप्पट. मेमरीचं दुखणं असेल तर वरची साइझ घ्या, नाहीतर ॲप्स दुसऱ्या प्लॅनवर हलवा. स्टँडर्डपासून पुढे पर-ॲप स्केलिंगही मिळतं: कोणतं ॲप किती इन्स्टन्सवर चालावं ते ठरवता येतं. दाटीनेच राहायचं असेल तर निदान हे तरी वापरा.

आणखी एक गोष्ट सल्ल्यात नाहीच. बाहेरच्या एकाच पत्त्याकडे जाणाऱ्या कनेक्शनसाठी प्रत्येक इन्स्टन्सला आधीच राखून दिलेले स्नॅट पोर्ट (बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला लागणारे क्रमांक) १२८. तेही सगळ्या ॲप्समध्ये सामायिक. एका ॲपने एसएमएस गेटवेची कनेक्शन्स बंद न करता उघडत ठेवली, की तोच गेटवे वापरणाऱ्या शेजारच्या ॲपचे ओटीपी अडकतात. लॉगमध्ये चूक निरपराध ॲपची दिसते.

तुमच्या प्लॅनची दाटी तपासायला पाच मिनिटं पुरतात. प्लॅन उघडून ॲप्सची यादी बघा, चालू स्लॉट मिळवा, मग आठवडाभराचा मेमरीचा आलेख काढा. ‘डायग्नोज अँड सॉल्व्ह प्रॉब्लेम्स’मध्येही दाटीची तपासणी आहे.

आणि हलवायचं ठरलं तर आधी एक बघून ठेवा: ॲप कुठल्याही प्लॅनवर उचलून ठेवता येत नाही. नवा प्लॅन त्याच रिसोर्स ग्रुपमध्ये (ॲझ्युअरमधल्या वस्तू एकत्र ठेवायचा गट) आणि त्याच रीजनमध्ये (डेटासेंटरचा भौगोलिक विभाग) हवा. आम्ही नवा प्लॅन हौसेने वेगळ्या ग्रुपमध्ये बनवला होता. यादीत तो दिसेचना.