किराणा कुठून आणायचा, हे आता पुतण्या ठरवणार

संध्याकाळी मायला फोन लावला. दिवाळी तोंडावर आलीय म्हणून सहज विचारलं, दुकानात यादी दिलीस का? म्हणाली, "त्याच्याकडून न्हाई आणत आता. स्टँडापशी नवं दुकान झालंय, तिथून आणते." मला वाटलं उधारीवरून काही झालं असेल. तर थोडा वेळ गप्प, आणि मग हळूच, "पोरं म्हणतेत, आपल्या माणसाकडूनच घ्यायचं. कशाला उगं वाद."

पोरं म्हणजे माझा सख्खा पुतण्या. बारावी झालीय, पोलीस भरतीची तयारी करतो असं सांगतो, आणि दिवसभर स्टेटस टाकतो. त्या पोरानं माझ्या आईला सांगायचं की गूळ कुणाकडून घ्यायचा! डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. विस्कळीत होईल, चालवून घ्या.

गाव बीड जिल्ह्यातलं. मी मराठा. ज्याचं दुकान सोडलं तो वंजारी, माझा पहिलीपासूनचा दोस्त. स्पष्टच लिहिलं, नाहीतर निम्मे लोक पोस्ट वाचायच्या आधी आडनावं हुंगत बसतील.

आज जिथं त्याचं काउंटर आहे ना, तिथं पूर्वी जिजीची चूल होती. जिजी म्हणजे त्याची आजी. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. दोन एकर कोरडवाहू, त्यात काय पिकणार? पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असायची. दिवाळीच्या आगंमागं टोळीचा ट्रक लागला की ते थेट सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यावर, आणि परत यायचे ते उन्हाळ्यात. शाळा बुडू नये म्हणून मला मागं ठेवायचे. कुणाकडं? भावकीची घरं होती की गल्लीत. ठेवलं जिजीकडं. दोस्ताचे आईबापही त्याच ट्रकमध्ये, त्याच टोळीत. कोयता धरताना कुणी जात विचारत नव्हतं. मुकादमाला फक्त उचल फिटेस्तोवर माणूस हवा असायचा.

आम्ही दोघं जिजीच्या एकाच वाकळेत. ती हुलग्याचं माडगं करायची, आणि पहिली वाटी मला. दोस्त चिडायचा. मग ती त्याला म्हणायची, "तुझी आजी हाय जवळ, त्याचं कोण हाय?" एवढं म्हणून पुन्हा फुंकणी हातात.

त्या बाईच्या नातवाच्या दुकानातून माझ्या आईनं साखर आणायची नाही. का? तर कुणीतरी ग्रुपवर कुठल्या दुकानातून घ्यायचं याची यादी फिरवली म्हणून.

आता मला कुणी "पूर्वी आमच्या गावात जात नव्हती" असलं गोडगोड लिहायला सांगू नका. होती. सोयरीक आपापल्यात, सरपंचकीचं पॅनल जातीवर. दलित वस्तीत जाऊन विचाराल तर ते याहून वेगळं सांगतील, आणि त्यांचंच खरं असेल. पण मराठा आणि वंजारी यांच्यात दुकान, दवाखाना, विहिरीच्या पाण्याची पाळी, ट्रॅक्टर, मयतीला खांदा, या गोष्टींत जात आडवी येत नव्हती. ती आली आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत.

1 सप्टेंबर 2023 ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठीमार झाला. त्या रात्री दोस्ताचाच फोन आला होता मला, "टीव्ही लाव, बायाबापड्यांना मारलंय रे." तो चिडला होता, माझ्याइतकाच. मग 30 ऑक्टोबरला आंदोलन भडकून माजलगाव आणि बीडमध्ये आमदारांची घरं पेटली. त्यानंतर नोव्हेंबरात अंबडला, मराठ्यांना ओबीसीत घेऊ नका म्हणून, ओबीसींची सभा. तिथून पुढं दोघांच्याही मोबाईलमध्ये वेगवेगळी गावं दिसायला लागली. माझ्यात दिसायचं की वंजारी सगळ्या ऑफिसांत बसलेत, त्याच्यात दिसायचं की मराठे आता सगळं ओरबाडणार. एकाच गावातली एकाच वयाची माणसं, आणि दोघांनाही भीती दुसऱ्याची. भीती खोटीच होती असं म्हणत नाही. पण ती रोज सकाळी चहाबरोबर कुणीतरी पाजत होतं, हे नक्की.

मग 4 जून 2024. बीड लोकसभेचं मतमोजणीचं नाट्य रात्री उशिरापर्यंत चाललं, आठवत असेल. शेवटी बजरंग सोनवणे, म्हणजे मराठा, निवडून आले; वंजारी पंकजा मुंडे 6,553 मतांनी पडल्या. आमच्या गावात गुलाल निघाला, आणि मिरवणूक मुद्दाम दोस्ताच्या दुकानासमोर थांबवली. डीजे लावून. आत जिजी अंथरुणाला खिळलेली. शटर ओढून घेतलं त्यानं. हे मला मायनंच सांगितलं. तिला तेव्हा वाईट वाटलं होतं, हेही लिहितो.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. उचलला त्यानं. आम्ही काय बोललो? सोयाबीनच्या बियाण्याचा भाव, पाऊस कधी येतो, डीएपी मिळतंय का. निकालाचा 'नि' कुणीच काढला नाही. इतक्या वर्षांच्या दोस्तीत इतकं सभ्य आम्ही कधीच बोललो नव्हतो. फोन ठेवल्यावर मला कसंतरीच झालं. त्यापेक्षा त्यानं आईवरून शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

डिसेंबरात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. पवनचक्की कंपनीकडं मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, असं आरोपपत्र म्हणतं. देशमुख मराठा, मुख्य आरोपी वंजारी. गुन्हा गुन्हेगारांचा. पण जिल्ह्यात अशी हवा झाली की बीड पोलिसांना नेमप्लेटवरून आडनावं काढावी लागली, नुसतं नाव ठेवायचं. विचार करा, पोलिसाचं आडनाव वाचून लोक तक्रार द्यायची की नाही ते ठरवणार! त्या दिवसांत दोस्त मला म्हणाला, "गिऱ्हाईक असं बघतंय माझ्याकडं, जसं काय मीच मारून आलोय." मी काय बोलणार? "जाऊ दे, होईल नीट" म्हणालो. नीट काय झालं ते दिसतंयच.

आता पुण्यातल्या माझ्या मित्रांचं सांगतो. त्यांना हे सांगितलं की ते मान हलवतात आणि म्हणतात, गावाकडं फार जातीयवाद बाबा. अरे, तुमच्या सोसायटीत भाड्यानं फ्लॅट देताना एजंट आडनाव विचारतो ते काय असतं? तुमचं बरंय, तुमचं पटलं नाही की तुम्ही ब्लॉक करता, अनफ्रेंड करता, 'मनःशांती महत्त्वाची' म्हणून योगासनाचा फोटो टाकता. गावात अनफ्रेंड करून चालत नाही. पेरणीला पैसे कमी पडले तर बँक उभी करत नाही, दुकानदाराच्या वहीवर भागतं. रात्री दोन वाजता पोटात कळ आली तर ज्याच्याकडं गाडी आहे त्याचंच दार वाजवायचं. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत आमच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा मायची धान्याची पोती खांद्यावर घेऊन माळवदावर कुणी चढवली? पुतण्यानं? पुतण्या पुराचा व्हिडिओ काढत होता.

आणि बहिष्कार फक्त आमच्याकडून चाललाय असंही नाही. त्याच्या मेव्हण्यानं आमच्या चुलत भावाचा ट्रॅक्टर सांगायचा बंद केला, लांबून दुसऱ्याचा आणतो, जास्त पैसे देऊन. दोन्हीकडं तेच. पण मी माझ्या घरच्यांवर चिडणार, त्यांच्यावर चिडायला त्यांचे लोक आहेत.

मला स्वतःला आरक्षण हवंय का? हो, हवंय. ज्याच्या बापाकडं दोन एकर होतं आणि त्याची वाटणी होऊन आता अर्धा-पाऊण एकर राहिलंय, त्या पोरानं मेडिकलची फी कुठून भरायची ते सांगा. हे मी दोस्ताच्या तोंडावर बोललोय. 2 सप्टेंबर 2025 ला, मराठ्यांना ओबीसीतले कुणबी दाखले द्यायला, हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाला, त्यानंतर मी गावी गेलो होतो. स्टँडवरच्या हॉटेलात आम्ही बसलो आणि या खेपेला मीच विषय काढला. असे भांडलो, असे भांडलो, की हॉटेलवाल्यानं रेडिओ बंद केला. मी म्हणालो, तुम्ही एनटी-ड मध्ये, म्हणजे भटक्या जमातींच्या ड गटात, राज्यात तुमचे 2 टक्के वेगळे, आमच्या कुणबी दाखल्यानं तुमच्या पोराच्या ताटातलं काय जातंय? तो म्हणाला, केंद्रात आम्ही ओबीसीच्या 27 टक्क्यांतच आहोत की. आणि ग्रामपंचायतीची ओबीसी जागा? तिथं कुणबी दाखला घेऊन तुमचा माणूस उभा राहिला तर आमच्या चार घरांच्या वाडीतला कधी सरपंच होणार? याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मी सगेसोयऱ्यांवर, म्हणजे नोंद सापडलेल्याच्या नातलगांनाही दाखला द्यायच्या मागणीवर गेलो, तो कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीवर गेला, मग मी त्याच्या नेत्यांचं काढलं आणि त्यानं माझ्या नेत्यांचं. चहा दोनदा गार झाला. शेवटच्या एसटीची वेळ झाली तर त्यानंच मोटरसायकल काढली, मला फाट्यापर्यंत सोडलं, वाटेतही भांडतच होता, हेल्मेट नाही, वारा कानात, मागं मला निम्मं ऐकूच येत नव्हतं. इतकं मोकळं मला गेल्या दोन वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

म्हणून मला त्या 'राजकारण बाजूला ठेवा, नाती जपा' वाल्या सुविचारांचाही वैताग येतो. कसं बाजूला ठेवू? पोराची ॲडमिशन बाजूला ठेवू? सरपंचपद बाजूला ठेवू? भांडा की. घसा बसेपर्यंत भांडा. पण गिऱ्हाईकी तोडू नका, ट्रॅक्टर तोडू नका, दवाखाना बदलू नका. भांडणारा माणूस उद्या पुन्हा समोर येतो. दुकान सोडलेला माणूस रस्ता बदलून जातो, आणि पुढं त्याच्याशी भांडायलाही तोंड राहत नाही.

जिजीचं पुन्हा आठवलं. ती आम्हाला दोघांना वंजाऱ्यांचा म्हणतात त्या भगवानगडावर न्यायची आणि मराठ्यांचा म्हणतात त्या नारायणगडावरही. तिला दोन्हीकडं सारखंच. भगवानबाबांचे गुरू माणिकबाबा नारायणगडाचेच, हे तिनंच आम्हाला सांगितलेलं, शाळेत कुणी सांगितलं नाही. आता दसऱ्याला एका दिवशी जिल्ह्यात दोन मेळावे. नारायणगडावर जरांगे पाटील, सावरगावला पंकजाताई. 2025 लाही झाले. गाड्या एकाच रस्त्यानं जातात, झेंड्यांवरून ओळखायच्या. पुतण्या एका गाडीच्या टपावर होता, फोटो पाहिला. जिजी त्याच वर्षी उन्हाळ्यात गेली, नाहीतर तिला विचारलं असतं आता कुठल्या गाडीत बसतेस.

आणि एक गोष्ट मला झोपू देत नाही. जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे एका टेबलाला बसले आणि ऊसतोडीच्या मजुरीत 34 टक्के वाढ ठरली. दोन वेगळ्या पक्षांचे, वेगळ्या जातींचे नेते, आणि वाढ सगळ्या कोयत्यांना, आडनाव न बघता. पुरेशी नाही, मान्य, मुकादम त्यातलंही खातात तेही मान्य. पण आमच्या गावातून आजही दोन्ही जातींचे कोयते जातात, एकाच फडात मोळ्या बांधतात. त्या दिवशी गुलाल निघाला का? डीजे लागला का? एकाही पोरानं स्टेटस ठेवलं का? ज्यात खरंच चार पैसे वाढले त्याचं कुणाला सोयरसुतक नाही, आणि कोण कुणाला पाडतंय यावर रात्रभर नाचायचं.

पुतण्याला फोन केला होता मघाशी. म्हणतो, "तात्या, तुमाला पुण्यात बसून काय कळतंय गावातलं? त्यांनी आधी सुरू केलं." बरं बाबा, त्यांनी आधी केलं. मला पुण्यात बसून कळत नाही, हेही एका अर्थानं बरोबर, दोन महिन्यांनी एकदा जाणारा माणूस मी. पण तुझी आजी कारखान्यावर पाचट वेचत होती तेव्हा तुझा हा तात्या कुणाच्या चुलीपाशी बसून जेवला, ते तरी मला पुण्यात बसून कळतं ना? तर म्हणतो, "ते जुनं झालं." फोन ठेवला मी. जास्त बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

मायला मी काही बोललो नाही. ती एकटी, पोरांच्या जिवावर राहते, ती काय करणार? दोस्ताला अजून फोन केलेला नाही. काय सांगू? त्याला माहीत असणारच, मायची यादी आली नाही म्हणजे त्याला पहिल्या दिवशीच कळलं असेल.

कमेंटमध्ये 'दोन्ही समाजांनी सामंजस्य दाखवावं' लिहायला येणाऱ्यांनो, इथं लिहून उपयोग नाही. मराठवाड्यातल्या कुठल्या गावात ओळख असेल तर तिथं फोन करा, आणि लवकर करा. ऑक्टोबर 2025 मध्ये जिल्हा परिषदेच्या गटांची आरक्षण सोडत होती. आमचा गट ओबीसीला सुटला तर कुणबी दाखलावाला उभा राहतो की वंजारी, यावर गावात सोडतीआधीच पैजा लागल्या म्हणे. पुतण्यानंही शंभर रुपये लावले. मायच्या बटव्यातले.