त्रिंकोमाली हार्टलपूलला, विक्रांत दारूखान्यात

मुंबईच्या गोदीत बांधलेली एक युद्धनौका आजही पाण्यावर तरंगते आहे. वय दोनशेच्या पुढे. पण ती बघायची तर इंग्लंडमधल्या हार्टलपूलला जावं लागतं.

तिचं नाव एचएमएस त्रिंकोमाली. इंग्लंडात ओकच्या लाकडाची टंचाई होती, म्हणून काम मुंबईच्या वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या पारशी घराण्याकडे आलं. मलबारचं सागवान वापरलं. पारशी रिवाजाप्रमाणे तिच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला आणि 12 ऑक्टोबर 1817ला ती पाण्यात उतरली. 1897 साली तीही भंगारात विकली गेली होती! व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने तिला भंगारवाल्याकडून सोडवून आणलं आणि पुढे कित्येक वर्षं मुलं तिच्यावर दर्यावर्दीपणा शिकली. नंतर हार्टलपूलमध्ये तिची दुरुस्ती 2001पर्यंत चालली. आज लोक तिकीट काढून आपल्या कारागिरांचं काम बघतात.

आणि आपण आपल्या पहिल्या विमानवाहू नौकेचं, जुन्या विक्रांतचं काय केलं?

1971च्या युद्धात तिच्या बॉयलरला तडा गेलेला होता, पूर्ण वेगाने धावणं शक्य नव्हतं. तरीही ती बंगालच्या उपसागरात गेली आणि 4 डिसेंबरपासून तिच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार, चितगाववर हल्ले चढवले. 1997ला ती निवृत्त झाली. पुढे काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांसाठी अधूनमधून उघडायची, 2012ला तेही सुरक्षेच्या कारणावरून बंद झालं. 2014मध्ये साधारण 60 कोटींना लिलाव. ती तोडू नये म्हणून केलेली याचिका हायकोर्टात फेटाळली, सुप्रीम कोर्टातही, आणि मुंबईतल्याच दारूखान्यात, जिथे जुनी जहाजं तोडतात, तिचे तुकडे झाले. मला याचा आजही राग येतो.

खर्चाचा मुद्दा खोटा नाही, हे मान्य. पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात नुसतं उभं ठेवलं तरी तळ गंजतो, ठरावीक काळाने सुक्या गोदीत घ्यावंच लागतं. नौदलाच्या धक्क्यावर जागा अडते ती वेगळीच. पण म्हणूनच नियोजन निवृत्तीच्या आधी हवं ना? विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेच्या वेळी 2018ला राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ तिचं संग्रहालय करायच्या 852 कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. दोन वर्षांत विराट तोडणीसाठी गुजरातमधल्या अलंगच्या वाटेला लागली. फेब्रुवारी 2021मध्ये सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली, तोवर तोडकाम बरंच पुढे गेलं होतं.

मला वाटतं, आपण मोठ्या घोषणांच्या नादात साधा मार्ग सोडतो. विशाखापट्टणमने कुरसुरा ही पाणबुडी सरळ समुद्रकिनाऱ्यावर ओढून घेतली आणि 2002ला लोकांसाठी उघडली. जमिनीवर आहे, त्यामुळे तळाला खारं पाणी लागण्याचा प्रश्नच नाही. आत शिरलं की गोल दारातून वाकून, एक पाय आधी टाकून पलीकडच्या कप्प्यात जावं लागतं. दोन्ही बाजूंना नळ्या, झडपा, डायल. एका माणसाला कूस बदलायला जेमतेम जागा असलेले बंक. माहिती सांगणारे स्वतः नौदलातून निवृत्त झालेले. टॉर्पेडोच्या नळीवर हात ठेवून ते बोलू लागले की मुलांची बडबड बंद होते. हे काम पुतळा करू शकत नाही, माहितीपटही नाही.

दीवलाही खुकरी आहे. 1971ला दीवजवळच्या समुद्रात बुडालेल्या खुकरीचंच नाव घेतलेली ही नंतरची नौका आपल्या माझगाव डॉकने बांधली, आणि 2022मध्ये दीवच्या ताब्यात गेली. दीवने योग्यच केलं. फक्त बांधणाऱ्या शहराला असं काही का सुचत नाही, हा प्रश्न मला सोडत नाही.

सिंधुदुर्गात गुलदार या नौदलाच्या निवृत्त नौकेची योजना आहे, निवतीजवळ समुद्रतळाशी नेऊन पाण्याखालचं संग्रहालय करण्याची. व्हावीच. पण जी आजी पाण्यात उतरणार नाही, जो नातू अजून पाच वर्षांचा आहे, त्यांच्यासाठी निदान गुलदारचा काही भाग किनाऱ्यावर मांडा.

आणि मुंबईसाठी माझी मागणी एवढीच: पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या जमिनीचा विकास करायचे आराखडे होत आहेत, दारूखानाही त्याच पट्ट्यात येतो. माझगावात बांधलेली एक मध्यम आकाराची युद्धनौका तिथे जमिनीवर उभी करा. जागा आत्ता राखून ठेवा, देखभालीचा निधी आत्ता बाजूला काढा, निवृत्त नौसैनिकांना आत्ता विचारा. लिलावाची नोटीस निघाल्यावर कोर्टात धावून काही हाती लागत नाही, हे दोनदा बघून झालंय.